तळ्यातील महासीर: वाढ आणि जगण्याचे प्रमाण एकत्र कसे वाचावे

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. मावळातील आपल्या कृषी पर्यटन केंद्रावर दोन तळी आहेत. एक साधारण एकरभराचे मातीचे तळे असून पावसाळ्यात त्यात ओढ्याचे पाणी येते आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाते. दुसरे ३० × ३० × ३ मीटरचे प्लास्टिकच्या अस्तराचे शेततळे आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आपण महासीरची इंच-दीड इंचाची हजार पिल्ले आणली आणि दोन्ही तळ्यांत निम्मी-निम्मी सोडली. आज मातीच्या तळ्यात गळाला पाऊण किलोचा, क्वचित किलोचा मासा लागतो, पण असे मासे फारच थोडे आहेत. शेततळ्यात खाद्य टाकताच माशांची झुंड वर येते, पण तेथील मासा वीतभराच्या पुढे गेलेला नाही. शेततळ्यातले बीज (सोडलेली पिल्ले) निकृष्ट होते का, मातीच्या तळ्यातली वाढ यशस्वी मानावी का आणि पाहुण्यांच्या गळाच्या मासेमारीसाठी यंदा आणखी किती बीज सोडावे, असे आपले तीन प्रश्न आहेत.

बीज एकाच ठिकाणचे, एकाच दिवशी आणलेले आणि न निवडता दोन भागांत वाटलेले असल्यामुळे बीजाला दोष देण्याचे कारण दिसत नाही. दोन्ही तळ्यांत जे दिसते आहे, ते एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. कोणत्याही तळ्यातील नैसर्गिक खाद्य, आपण टाकलेले खाद्य आणि पाण्यातील प्राणवायू मिळून माशांचे ठराविक किलो वजनच पोसू शकतात. ते वजन साठ माशांत वाटले गेले तर प्रत्येक मासा पाऊण किलोचा होतो आणि साडेतीनशे माशांत वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम येतात. त्यामुळे गळाला लागलेला मोठा मासा पाहून मालकाला जो आनंद होतो, तो पुष्कळदा बाकीच्या माशांच्या गैरहजेरीवर उभा असतो. आपल्या मातीच्या तळ्यात पाचशेपैकी बहुसंख्य पिल्ले पहिल्या काही महिन्यांतच गेली असावीत, आणि जी उरली त्यांना मोकळे तळे मिळाले. शेततळ्यात उलट घडले; तेथे जगणारे जास्त झाले आणि सर्वांचीच वाढ खुंटली. म्हणून सोडलेल्यांपैकी किती उरले हे समजल्याशिवाय वाढीचा कोणताही आकडा चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही.

खुंटलेल्या माशाची वाढ कायमची संपलेली नसते, हेही येथेच सांगतो. आंध्र प्रदेशातील कोल्लेरू परिसरातले मत्स्यशेतकरी कटला-रोहूचे बीज मुद्दाम दाटीत आणि कमी खाद्यावर वर्षभर लहान ठेवतात आणि नंतर मोठ्या तळ्यात सोडून त्याची झपाट्याने वाढ करून घेतात. महासीरची गती कटल्याएवढी नसते, पण तत्त्व तेच आहे. शेततळ्यातले आपले वीतभर मासे निकामी झालेले नाहीत, किंबहुना या संपूर्ण प्रकरणात तीच आपली खरी शिल्लक आहे, असे माझे मत आहे.

आता महासीरच का इतका नाजूक ठरतो ते पाहू. आपल्याकडचा दख्खनी महासीर, ज्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले, तो वाहत्या, थंड आणि भरपूर प्राणवायूच्या पाण्यातला मासा आहे. रोहू-कटल्याची मादी किलोमागे लाखांच्या घरात अंडी देते, तर महासीरची अंडी हजारांत मोजावी लागतात. ती मोठी असतात, पिवळ्या-नारिंगी रंगाची असतात आणि तळाशी बसतात. रोहू-कटल्याची अंडी सुमारे अर्ध्या-पाऊण दिवसात फुटतात. महासीरच्या अंड्यांना साधारण तीन दिवस लागतात, आणि बाहेर आलेले पिल्लू पुढचे कित्येक दिवस पोटाशी असलेल्या अन्नपिशवीच्या ओझ्याने तळाशी पडून राहते. अशी पिल्ले उजेड टाळत कोपऱ्यात डोकी खुपसून दाटीने बसतात. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७०च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या माशाच्या कृत्रिम प्रजननाचे जे काम केले, त्यातून ही सगळी प्रक्रिया उलगडली. महासीरची फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने दूरवर पाठवता येतात, हेही त्यांनीच दाखवून दिले. एवढी मेहनत करून हाती आलेले पिल्लू इंच-दीड इंचाचे असताना उघड्या तळ्यात सोडणे हाच माझ्या मते सर्वांत महागात पडणारा निर्णय असतो. बीज विकणाऱ्याला लहान पिल्लू परवडते, कारण एका पिशवीत ती अधिक मावतात. घेणाऱ्याला मात्र चार इंचांची शंभर बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) इंचाच्या पाचशे पिल्लांपेक्षा स्वस्त पडते.

मातीच्या तळ्यात पिल्ले गेली कुठे, याची मला तीन उत्तरे संभवतात आणि तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले उत्तर वाहतुकीचे आहे. महासीरचे पिल्लू पिशवीत फार धडपडते, खवले गमावते आणि प्राणवायू भराभर संपवते. निघण्यापूर्वी २४ तास त्याला उपाशी ठेवलेले नसेल तर त्याच्याच विष्ठेने पिशवीतले पाणी नासते. असे पिल्लू सोडताना पोहत निघून जाते, सर्व काही ठीक आहे असे वाटते आणि दोन-तीन दिवसांत ते तळाशी मरते. तळ्याच्या गढूळ पाण्यात ते कधीच दिसत नाही. याचा पडताळा घेण्याची पद्धत सोपी आहे. सोडण्याच्या दिवशी त्याच पिशव्यांतली शंभर पिल्ले तळ्यातच बांधलेल्या हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवावीत आणि ७२ तासांनी मेलेली मोजावीत. तीस मेली असतील, तर तळ्यातही साधारण त्याच प्रमाणात मेली असे धरावे. हा एक हापा पुढच्या दोन वर्षांचा वादविवाद वाचवतो.

दुसरे उत्तर शत्रूंचे आहे. ओढ्याच्या पाण्याबरोबर मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे तळ्यात येतात, आणि दीड इंचाचे पिल्लू शिवड्याला एका घासाचेही होत नाही. त्यांच्या जोडीला पाणकावळे, बगळे, खंड्या, दिवड आणि अगदी लहान पिल्लांच्या बाबतीत चतुराच्या अळ्यासुद्धा असतात. रिकाम्या तळ्यात बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड वापरण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. हेक्टरी मीटरभर पाण्याला सुमारे २,५०० किलो पेंड टाकली की नको असलेले मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत विषाचा प्रभाव ओसरतो. पण तळ्यात आज आपले महासीर असताना ती वापरता येणार नाही, कारण पेंड मरळ आणि महासीर असा भेद करत नाही. आपल्याला उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जाळ्याने आणि गळाने मरळ-शिवडे काढत राहणे एवढाच मार्ग आहे.

तिसरे उत्तर सांडव्याचे आहे, आणि आपल्या तळ्याचे वर्णन वाचून माझा सर्वांत जास्त संशय त्यावरच आहे. पहिल्या मोठ्या पुराबरोबर प्रवाहाच्या विरुद्ध झेपावणे हा या माशाचा स्वभावच आहे. आषाढात ओढा भरून तळ्यात कोसळू लागला की महासीर येणाऱ्या पाण्याकडे धाव घेतो, आणि जो तेथून चढू शकत नाही तो सांडव्यावरून निघून जातो. श्रावणात, ऐन पाण्याच्या दिवसांत सोडलेली लहान पिल्ले त्याच आठवड्यात इंद्रायणी-पवनेच्या वाटेला लागली असली तर नवल नाही. पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या दोन्ही तोंडांशी तिरपी, सांडव्याच्या तोंडापेक्षा बरीच रुंद जाळी बसवावी. जाळी अरुंद असली की पालापाचोळ्याने ती तुंबते, पाणी बांधावरून जाते आणि माशांबरोबर बांधही जातो. पावसाळ्यात ही जाळी दररोज साफ करणारा माणूस नेमलेला नसेल, तर जाळी न बसवणे अधिक सुरक्षित ठरते.

तळ्यातून निसटलेला मासा कोठे जातो याचाही विचार झाला पाहिजे. आपले पाणी भीमेच्या खोऱ्यात उतरते, जे दख्खनी महासीरचे मूळ घर आहे, त्यामुळे येथे मोठा धोका नाही. परंतु ‘हिमालयातला सोनेरी महासीर लवकर वाढतो’ असे सांगून कोणी बीज देऊ केले, तर ते स्पष्टपणे नाकारावे. कावेरीत आपला हाच दख्खनी महासीर बाहेरून आणून सोडला गेला. १९९८ ते २०१२ या काळातील गळाच्या नोंदींवरून असे दिसले की तेथे त्याची संख्या वाढत गेली, आणि त्याच नदीतला मूळचा, महाकाय कुबडधारी महासीर मात्र घटत जाऊन नामशेष होण्याच्या काठावर आला. गळाच्या हौसेसाठी केलेले मत्स्यबीज संचयन खोऱ्याबाहेर किती दूर जाऊ शकते, याचे हे आपल्या देशातले उदाहरण आहे.

शेततळ्याचा प्रश्न वेगळा आहे. तेथे शत्रू पक्ष्यांपुरतेच आहेत, सांडवा नाही, म्हणून जगण्याचे प्रमाण चांगले राहिले. पण अस्तरामुळे तळाशी माती नाही, मातीतले किडे-गोगलगायी नाहीत, काठाला वनस्पती नाहीत. अशा तळ्यात महासीरला आपण टाकलेल्या खाद्याशिवाय जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यात पाण्याचा हिशेब बहुतेक जण चुकीच्या महिन्यात करतात. बाजूंचा उतार १:१ धरला, तर ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात काठोकाठ भरल्यावर सुमारे २,२०० घनमीटर पाणी असते. वैशाखात सिंचन होऊन पाणी मीटरभर उरते, तेव्हा पृष्ठभाग ९०० वरून सुमारे ६७५ चौरस मीटरवर येतो, म्हणजे काठावरून पाहणाऱ्याला तळे पाऊण भरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पाणी मात्र ६२५ घनमीटरच, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरलेले असते. ते तापलेले असते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशाची गरज त्याच वेळी वाढते. महासीरला लिटरमागे सहा मिलिग्रॅम किंवा अधिक प्राणवायू मानवतो. तो चारच्या खाली गेला की मासा खाणे सोडतो. म्हणून तळ्यात किती मासे ठेवायचे हे मे महिन्याच्या पाण्यावर ठरवावे. पाण्यात हवा मिसळणारे वायुवीजक यंत्र नसेल तर या तळ्यात उन्हाळ्यातील पाच-सहा घनमीटरला एक, म्हणजे शंभर ते सव्वाशे मासे, यापेक्षा जास्त मी सुचवणार नाही. आपल्याकडे आज त्याच्या कित्येक पट असावेत.

यंत्र बसवणार असाल तर ते दुपारी चालवून पाहुण्यांना कारंजे दाखवण्यात अर्थ नाही; प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, त्यामुळे मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंत ते चालले पाहिजे. आभाळ भरलेले आणि वारा पडलेला असेल त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. सिंचनाचे पाणी शक्य असेल तेथे तळातून उपसावे. त्याबरोबर विष्ठा आणि उरलेले खाद्य पिकाकडे जाते आणि तळ्यात अमोनिया साठत नाही. खाद्यात बोटुकलीला ३५ ते ४० टक्के प्रथिने असावीत. मोठ्या माशाला त्याहून कमी चालतात. जे खाद्य दहा-पंधरा मिनिटांत संपत नाही ते जास्त झाले असे समजावे. मावळातल्या थंडीत पाणी गार झाले की भूक आपोआप मंदावते, तेव्हा मात्रा निम्म्यावर आणावी. मातीच्या तळ्याच्या काठी उंबर असेल तर ते मुळीच तोडू नका. पडलेली उंबरे महासीर आवडीने खातो.

वाढीच्या अपेक्षाही आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. सारख्या तळ्यात, सारख्या खाद्यावर कटला वर्षात किलोला पोहोचत असेल तर महासीर त्याच्या निम्म्यावरही क्वचितच जातो. आपल्या तळ्यात मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) असतील तर तळाशी चरण्यात ते त्याचे थेट प्रतिस्पर्धी ठरतात. सोबत काही हवेच असेल तर वरच्या थरातला कटला थोड्या संख्येने ठेवावा. चिलापी (तिलापिया) मात्र कोणत्याही सबबीखाली आणू नये. ‘मोठ्या माशाला खायला होईल’ म्हणून ती सोडली जाते. महासीर हा काही केवळ मासे खाणारा मासा नाही. त्याच्याकडून चिलापीवर कसलाही अंकुश राहत नाही आणि दोन पावसाळ्यांत तळे तिचेच होते.

अमेरिकेतील शेततळ्यांची उदाहरणे वाचून काही जण येथे तोच हिशेब लावू पाहतात, म्हणून थोडे विषयांतर करतो. अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी १९३०च्या दशकापासून लार्जमाउथ बास हा शिकारी मासा आणि त्याचे भक्ष्य असलेला लहान ब्लूगिल यांच्या तळ्यांचा अभ्यास केला. एकरी साधारण हजार ब्लूगिल आणि शंभर बास अशी सोडणी त्यातूनच रूढ झाली. ते गणित चालते, कारण दोन्ही मासे तळ्यातच वितात आणि एक दुसऱ्याला खाऊन संख्या आवाक्यात ठेवतो. आपला महासीर साठलेल्या पाण्यात पिल्ले देऊन तळे भरून काढील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. जेवढे सोडले तेवढीच पुंजी, आणि त्यातला प्रत्येक मासा गेला की गेला.

म्हणूनच गळ टाकणाऱ्या पाहुण्यांचे वागणे हाही जगण्याच्या प्रमाणाचाच भाग आहे. काटे नसलेला एकेरी गळ, ओले हात, मासा पाण्यातच ठेवून गळ काढणे आणि छायाचित्रासाठी काही सेकंदांपेक्षा जास्त वर न धरणे, हे नियम लेखी लावावेत. नाजूक दोरी वापरून माशाला दमवत बसण्याचा खेळ महासीरला महागात पडतो. जितका वेळ तो झुंजतो तितका तो थकून सोडला जातो. नाचणीच्या किंवा कणकेच्या गोळ्यावर तो उत्तम येतो, तेव्हा जिवंत आमिषाची गरज नाही. चैत्र-वैशाखात दुपारी आणि पाणी मीटरभर उरले असताना गळ पूर्ण बंद ठेवावा.

आता मोजणीविषयी. खाद्याला वर येणारी झुंड पाहून संख्या ठरवू नका. महाडजवळच्या वाळण कोंडीत कुरमुऱ्यांवर उसळणारे, देवाचे म्हणून राखलेले मासे पाहिलेल्या कोणालाही विचारा, प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल. मातीच्या तळ्यात ओढायच्या जाळ्याने जेवढे सापडतील तेवढे महासीर धरावेत, पोटाकडील एका पराचे टोक अलगद कापून त्यांना सोडावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा जाळे ओढावे. पहिल्या वेळी ३० खुणावले, दुसऱ्या वेळी २४ सापडले आणि त्यांत १२ खुणेचे निघाले, तर तळ्यात सुमारे ६० मासे आहेत. दुसरी खेप गळाने करू नये, कारण एकदा फसलेला महासीर गळाला बिचकतो आणि आकडा फुगतो. त्याच वेळी लांबी आणि वजन दोन्ही लिहून ठेवावे. २३ सेंटिमीटरचा एक मासा १३० ग्रॅमचा आणि तेवढ्याच लांबीचा दुसरा ९५ ग्रॅमचा असेल, तर दुसरा उपाशी आहे. ग्रॅममधील वजनाला १०० ने गुणून सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागले की पहिल्याचा आकडा १.०७ येतो आणि दुसऱ्याचा ०.७८. हा आकडा आपल्याच तळ्यात ऋतूगणिक कसा बदलतो, तेवढे पाहणे पुरेसे आहे.

यंदा बीज विकत घेऊ नका, असा माझा सल्ला आहे. आपले शेततळे नकळत संगोपन तळे झालेले आहे, त्याचा तसाच उपयोग करावा. पावसाळा संपून ओढ्याचा ओघ आणि सांडवा थांबला, पाणी गार झाले, म्हणजे कार्तिकाच्या सुमारास, शेततळ्यातले दोनशेच्या आसपास वीतभर मासे मातीच्या तळ्यात हलवावेत. त्या आकाराचा मासा खंड्याला आणि लहान मरळीला दाद देत नाही, आणि पुढचा पूर येईपर्यंत त्याला आठ महिने मिळतात. हलवण्यापूर्वी दिवसभर खाद्य बंद ठेवावे, पहाटे काम उरकावे, आणि दोन्ही तळ्यांच्या पाण्याच्या तापमानात फरक असेल तर माशांच्या टाकीत मातीच्या तळ्याचे पाणी हळूहळू मिसळून मगच त्यांना सोडावे. दोन्ही तोंडांची जाळी त्याआधी बसलेली असावी. शेततळ्यात शंभर-सव्वाशे मासे ठेवून यापेक्षा जास्त उरले, तर ते गळासाठी पहिल्या हंगामात तेथेच काढायला हरकत नाही. पुढील बीज त्यानंतरच्या वर्षी, दोन्ही तळ्यांची मोजणी झाल्यावर, आणि चार इंचांपेक्षा लहान नको या अटीवर मागवावे.